पिल्लांमधले नर-मादी ओळखणे आणि त्यांना थंडीतून सुखरूप काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्ले अंड्यातून बाहेर पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात माद्या किती? दुसरा काही महिन्यांनी येतो, रात्री गार पडायला लागल्या की: आता खुराड्यात यांचे कसे व्हायचे? हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, पण खुराड्याची जागा मोजायला बसलात की एकत्र येतात. थंडीत कोंबड्यांचा बराच वेळ आत जातो, जागा तर वाढत नाही, आणि ऐन थंडीत दाटी होते ती बहुधा वेळेवर न ओळखलेल्या नरांमुळे. पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्यांनी मला जे जे विचारले, त्याची उत्तरे खाली दिली आहेत.

एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद कळतो का?

काही पिल्लांचा कळतो, सगळ्यांचा नाही. एक दिवसाच्या वयात तीनच पद्धती खऱ्या आहेत: पंखाच्या पिसांवरून, अंगावरच्या लवीच्या रंगावरून आणि गुदद्वार तपासून. पहिल्या दोन पद्धती ठरावीक आई-बापांच्या पिल्लांनाच लागू पडतात आणि तिसरी हातात बसायला वर्षे लागतात. तुमच्या खुराड्यात मिश्र जातींच्या कोंबड्या असतील आणि खुडूक कोंबडीने पिल्ले काढली असतील, तर पहिल्या दिवशी अंदाज बांधू नका. पाच-सहा आठवडे थांबा. तेवढ्यात काहीही बिघडत नाही.

पंखावरून नर-मादी कसे ओळखतात?

पिल्लू डाव्या तळहातावर पालथे घ्या आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याचा एक पंख हलकेच पंख्यासारखा उघडा. खिडकीकडे तोंड करून बसा, उजेड पंखाच्या मागून यायला हवा. पंखाच्या कडेला पिसांच्या बारीक नळ्या दिसतील, लव अजून फुटलेली नसते तेव्हा त्या सुईसारख्या असतात. नीट पाहिले तर त्या दोन ओळींत आहेत हे लक्षात येते. खालच्या ओळीतून पुढे उडण्याची मोठी पिसे होणार असतात, वरच्या ओळीतून त्यांच्यावर पांघरूण घालणारी छोटी पिसे. खालच्या नळ्या वरच्यांपेक्षा स्पष्ट लांब असतील, म्हणजे एक लांब एक आखूड असा कंगवा दिसत असेल, तर ती मादी. दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या किंवा खालचीच आखूड असेल तर तो नर.

हे पहिल्या एक-दोन दिवसांतच पाहायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत नरांची पिसेही वाढून गाठतात आणि फरक पुसला जातो.

मी तसेच पाहिले, सगळ्यांचे पंख लांब दिसले. सगळ्या माद्या समजू का?

नाही. हीच चूक सर्वांत जास्त होते. ही पद्धत सर्व कोंबड्यांना लागू नाही. बाप लवकर पिसे येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसे येणाऱ्या वाणाची असेल, तेव्हाच ती चालते.

कारण समजून घेतले तर पुढचे बरेच सोपे जाते. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. कोंबड्यांत उलटे आहे. नराकडे झेड-झेड अशी जोडी असते, मादीकडे झेड-डब्ल्यू. म्हणजे नर-मादी ठरते आईकडून. आईचे एकुलते एक झेड मुलांकडे जाते, मुलींना आईकडून डब्ल्यू आणि बापाकडून झेड मिळते. उशिरा पिसे येण्याचा गुण झेडवर असतो आणि तो प्रभावी असतो, म्हणजे एकाच झेडवर आला तरी दिसतो. त्यामुळे वरच्या जोडीत आईचा तो गुण फक्त मुलग्यांत उतरतो आणि मुली बापासारख्या लवकर पिसे फुटणाऱ्या होतात. आई-बाप दोघेही लवकर पिसे येणारे असले तर सगळ्याच पिल्लांचे पंख लांब दिसणार, नर असो वा मादी.

हीच पिल्ले मोठी करून त्यांच्या आपापसातल्या अंड्यांतून पुढची पिढी काढली, तर तिथेही हा नियम टिकत नाही. तो पहिल्या पिढीपुरताच.

रंगावरून कोणत्या पिल्लांचे कळते?

इथेही गुण झेडवरच असतो, फक्त पिसांच्या वेगाऐवजी रंगाचा. दोन जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

सोनेरी-तांबड्या रंगाचा कोंबडा, उदाहरणार्थ ऱ्होड आयलंड रेड, आणि रुपेरी रंगाचा गुण असलेली कोंबडी अशी जोडी लावली, तर नर पिल्ले फिकट पिवळी-पांढरी निघतात आणि मादी पिल्ले तांबूस. टोपलीत नुसती नजर टाकली तरी वेगळी काढता येतात.

दुसरी जोडी पट्टेरी पिसांची. आई बार्ड प्लायमाउथ रॉकसारखी पट्टेरी आणि बाप बिनपट्ट्याचा, काळा किंवा तांबडा. मुलग्यांच्या डोक्यावर फिकट ठिपका येतो, मुलींचे डोके काळेच राहते. बाप पांढरा असेल तर हे चालत नाही, कारण पांढरा रंग खालचे सगळे झाकू शकतो. आणि जोडी उलटी लावली, म्हणजे बाप पट्टेरी आणि आई साधी, तर ठिपका सगळ्यांच्याच डोक्यावर येतो आणि काहीही कळत नाही.

शुद्ध पट्टेरी जातीतही थोडा फरक असतो. नराकडे पट्ट्यांचा गुण दोनदा आलेला असतो, म्हणून त्याचा ठिपका मोठा, पसरट, कडा विस्कटलेला; मादीचा लहान आणि आटोपशीर, शिवाय तिचे पाय समोरून जास्त काळसर. या दुहेरी मात्रेच्या युक्तीवरच केंब्रिजमध्ये रेजिनाल्ड पनेट आणि मायकल पीझ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कँबार आणि लेगबार या जाती तयार केल्या. त्यांची पिल्ले पिढ्यान् पिढ्या रंगावरून ओळखता येतात, संकरित जोडी दर वेळी नव्याने लावावी लागत नाही. आनुवंशिकतेचा वर्गातला चौकोन ज्यांच्या नावाने ओळखतात तेच हे पनेट.

गुदद्वार तपासून ओळखण्याची पद्धत घरी करून पाहावी का?

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही पद्धत १९२०च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी मांडली. पिल्लाची शिट हलक्या दाबाने काढून गुदद्वार किंचित उलगडतात आणि आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आहे का ते पाहतात. नरात तो बहुधा गोलसर आणि टणक असतो. अडचण अशी की काही माद्यांतही उंचवटा असतो आणि काही नरांत तो चपटा असतो. तरबेज माणूस एकेका पिल्लाला काही सेकंदांत पारखतो, पण त्यामागे हजारो पिल्ले हाताखालून गेलेली असतात. दाब जरा जास्त पडला की पोटात अजून शिल्लक असलेला बलक फुटून पिल्लू मरते. दहा पिल्लांवर ही कला शिकता येत नाही.

सगळ्या माद्या म्हणून घेतलेल्या दहा पिल्लांत दोन नर निघाले. फसवणूक झाली का?

तेवढ्यावरून फसवणूक म्हणता येणार नाही. तपासून दिलेल्या पिल्लांबद्दल सहसा ९० टक्के अचूकतेची हमी असते. ९० टक्के ऐकायला भरघोस वाटते, पण हिशेब करा: दहा पिल्ले घेतली तर दहाच्या दहा माद्या निघण्याची शक्यता फक्त ३५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा निदान एक नर निघणारच. माझ्याकडे एकदा बारांत तीन निघाले. पिल्ले देणाऱ्यांनी हात झटकले तेव्हा वाईट वाटले, पण खरी अडचण माझ्याकडची होती. मी खुराडे मोजून बांधले होते आणि जास्तीच्या तीन नरांचे काय करायचे हे आधी ठरवलेले नव्हते. पिल्ले घ्यायच्या दिवशीच हे ठरवून ठेवा.

अंड्याच्या आकारावरून किंवा उबवणीच्या तापमानावरून नर-मादी ठरवता येते म्हणतात. खरे आहे?

टोकदार अंड्यात नर आणि गोल अंड्यात मादी, दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरली की ती गोल फिरते की सरळ झुलते, मानेची कातडी धरून उचलले की पाय लोंबतात की आखडतात: यातले काहीही चालत नाही. दर वेळी निम्म्या वेळा खरे ठरते, कारण निम्मी पिल्ले नर असतातच. तापमानाचा गैरसमज मगरी आणि कासवांकडून आला असावा, त्यांच्यात उबेवर लिंग ठरते. कोंबडीच्या पिल्लाचे लिंग अंडे घातले जाण्याआधीच ठरलेले असते.

मग घरी काढलेल्या मिश्र पिल्लांचे कळते केव्हा?

इथे घाई न करणाऱ्याचेच बरोबर ठरते. एकच खूण पाहून निकाल देऊ नका. एकाच जातीची, एकाच दिवशी निघालेली पिल्ले शेजारी ठेवून पाहा. वेगळ्या जातींची तुलना फसवते. पायात रंगीत कड्या घाला आणि दर आठवड्याला त्याच जागी, बाजूने एक फोटो काढा. चार आठवड्यांचे फोटो एकापुढे एक लावले की डोळ्यांना जे दिसत नव्हते ते दिसते.

तीन-चार आठवड्यांना भारी जातींत पहिली चाहूल लागते. माद्यांच्या पाठीवर आणि शेपटीला पिसे लवकर भरतात, नर खांद्यावर उघडे-बोडके राहतात आणि त्यांची शेपटी नुसते बोंडूक असते. याच सुमारास नरांचे पाय जाड वाटू लागतात.

पाच ते आठ आठवडे हा खरा काळ. तुरा पाहा. नराचा तुरा रुंद होतो आणि गुलाबीवरून लालीकडे झुकतो, चोचीखालची कातडी लोंबायला लागते. मादीचा तुरा लहान, फिकट, पिवळसर राहतो. सहाव्या आठवड्यात एखाद्याचा तुरा भावंडांच्या मानाने लालभडक असेल तर तो बहुतेक नरच. सपाट किंवा बुटक्या तुऱ्याच्या जातींत आकारापेक्षा रंगावर भर द्या.

आठ-दहा आठवड्यांना रंगीत जातींच्या नरांच्या खांद्यांवर आणि पंखांवर गडद रंगाचे विस्कळित चट्टे उमटतात. माद्यांचा रंग एकसारखा, नक्षी नेटकी.

बारा ते चौदा आठवड्यांना जी खूण दिसते ती मी निर्णायक मानतो. शेपटीच्या बुडाशी, पाठ जिथे उतरते तिथली पिसे बोटांनी उचलून पाहा. टोकदार, अरुंद, चकाकणारी आणि दोन्ही बाजूंना ओघळणारी असतील तर नर. टोके गोल असतील तर मादी. मानेची पिसेही तशीच, पण ती कधी कधी संभ्रमात टाकतात, पाठीची टाकत नाहीत.

याला अपवाद आहेत. सेब्राइट जातीच्या नराची पिसे मादीसारखीच गोल टोकांची असतात. सिल्कीची पिसे रेशमासारखी सुटी असल्याने त्यात टोकच कळत नाही. तिथे कधी कधी आरवण्याची किंवा अंड्याची वाट पाहावी लागते.

आणखी एक. सोळा ते वीस आठवड्यांना फिकट तुऱ्याची तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, अचानक लाल होते. लोक घाबरून विचारतात, हा नर निघाला का? नाही, ती अंड्यावर आली. पाठीवर हात ठेवताच ती पंख किंचित पसरून खाली दबून बसली तर पहिले अंडे जवळ आले समजा. नराचा तुरा आधीच, कोवळ्या वयात लाल होतो. रंगाइतकेच तो कधी आला हे महत्त्वाचे आहे.

जास्त धीट आणि भांडखोर पिल्लू म्हणजे नरच ना?

नाही. छाती भिडवून उभे राहणे, मान ताणून एकमेकांवर उडी घेणे हे दोघेही करतात, कळपात कोण वरचढ हा क्रम ठरवण्यासाठी. माझ्याकडे सर्वांत आगाऊ पिल्लू चांगली अंड्यांची कोंबडी निघाली.

आरवले म्हणजे तरी नक्की नर?

जवळजवळ नक्की. बहुतेक नर दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान आरवू लागतात, सुरुवातीचा आवाज फाटका आणि अर्धवट असतो. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही तसेच हेही: खुराडे कितीही अंधारे केले तरी वयात आलेला नर आरवायचा थांबत नाही.

क्वचित म्हातारी कोंबडीही आरवते. कोंबडीत फक्त डावा अंडाशय काम करतो. तो आजाराने निकामी झाला तर तिच्यात नराची लक्षणे येऊ शकतात, तुरा वाढतो, पुढच्या वेळी पिसे नरासारखी येतात, आरवणेही सुरू होते. ती अंडी घालत नाही. पण चार महिन्यांच्या पिल्लाबाबत ही शंका घेऊ नका, तिथे उत्तर साधेच असते.

थंडीच्या आधी किती नर ठेवावेत?

अंड्यांसाठी एकही लागत नाही. पिल्ले काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. मोकळ्या अंगणात दोन-तीन नर एकमेकांना टाळून राहतात. दिवस लहान झाले, बाहेर गारठा पडला आणि सगळे आत कोंडले गेले की टाळायला जागा उरत नाही. माद्यांच्या पाठीची पिसे नरांच्या पायांखाली गळून उघडी पडतात, आणि उघडी पाठ म्हणजे उबेला भोक. जास्तीच्या नरांची वेगळी व्यवस्था थंडी सुरू होण्याआधी करा.

पिल्लांना बाहेरून ऊब किती आणि कधीपर्यंत द्यायची?

पहिल्या आठवड्यात उबेखालचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी. अंगभर खरी पिसे आली की, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या सुमारास, ऊब लागत नाही. पण तापमापीपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर गारठली आहेत. भिंतीकडेला तोंड उघडून पंख पसरून पडली असतील तर उकडते आहे. विखरून चरत-झोपत असतील तर बरोबर. ऊब एका कोपऱ्यात द्या, संपूर्ण पेटी तापवू नका, म्हणजे हवी तिथे ती स्वतः जातात.

गादी ओली राहू देऊ नका. ओल्या उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले त्यात पटापट जातात.

थंडीत खुराडे चारी बाजूंनी बंद करावे का?

हा प्रश्न दर थंडीत सर्वांत जास्त येतो आणि चुकीचे उत्तर सर्वांत जास्त कोंबड्यांना त्रास देते. बंद करू नका.

पहिल्या थंडीत मीही प्रत्येक फट चिंध्या कोंबून बुजवली होती. सकाळी दार उघडले तर आतून ऊबदार, दमट, डोळ्यांत झोंबणारा वास आला. पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब लटकले होते आणि काठीवर बसलेल्या कोंबडीच्या पाठीवर ते एक-एक करून पडत होते. पिसांचे टोक ओले, एकमेकांना चिकटलेले. त्याच आठवड्यात दोन कोंबड्यांच्या तुऱ्याची टोके काळी पडली. बाहेरच्या झाडावर मुक्कामाला पळालेल्या तिसरीचा तुरा शाबूत होता.

हिशेब असा आहे. एक कोंबडी दिवसाला २०० ते २५० मिली पाणी पिते. दहा कोंबड्यांचे दोन लिटरच्या वर झाले. अंड्यात जाते ते सोडले तर बाकीचे श्वासातून आणि शिटेतून बाहेर पडते, आणि त्यातला मोठा भाग खुराड्यातच. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि कोरडी, फुलवलेली पिसे ती ऊब धरून ठेवतात. पिसांमध्ये अडकलेली हवा हेच तिचे पांघरूण. पिसे ओली झाली की ती हवा निघून जाते. म्हणून कोरडी थंडी कोंबडी सहज काढते, दमट थंडी तिला गाठते. दमट हवेत शिटेतून अमोनियाही साठतो. हवेत त्याचे प्रमाण २५ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या, वर गेले की डोळे आणि श्वासनलिका बिघडू लागतात.

वारा कोंबड्यांच्या अंगावरून जाऊ नये, पण डोक्याच्या बऱ्याच वरून खेळता राहावा. छपराच्या उतरत्या कडेखाली दोन्ही बाजूंना जाळीची लांब फट रात्रभर उघडी ठेवा. काठीच्या उंचीपर्यंतच्या भिंती मात्र घट्ट असू द्या. पटकन तपासायचे असेल तर पहाटे आत जा आणि गुडघ्यावर बसून कोंबड्यांच्या उंचीवर श्वास घ्या. वास झोंबला किंवा काचेवर, पत्र्यावर पाणी दिसले तर वरची फट वाढवा.

त्या फटींना बसवायची जाळी बारीक आणि वेल्ड केलेली, साधारण १२ मिलिमीटर भोकांची असावी. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला किंवा उंदराला बाहेर ठेवत नाही. थंडीत बाहेरचे खाद्य आटले की तेही खुराड्याकडे वळतात.

आत दिवा किंवा हीटर लावावा का?

पूर्ण पिसे आलेल्या, निरोगी कोंबड्यांना नाही. लटकवलेला तापदिवा सुटून कोरड्या भुशावर पडला की खुराडे मिनिटांत पेटते; धूळ आणि जाळ्या त्याला हातभार लावतात. शिवाय उबेची सवय झालेल्या कोंबड्यांना एका रात्री वीज गेली तर तो धक्का मूळच्या थंडीपेक्षा वाईट. पिल्लांना ऊब द्यायचीच असेल तर त्यांच्या डोक्यावर टेकणारी, कमी विजेवर चालणारी तापपट्टी दिव्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

जागा आणि बसायची काठी किती, कशी?

आत एका कोंबडीमागे निदान चार चौरस फूट, बाहेरच्या आवारात दहा. खूप मोठे आणि रिकामे खुराडेही बरे नाही. काठीवर एकीला २० ते २५ सेंटिमीटर. थंडीत त्या चिकटून बसतात, पण गरजेपुरती जागा सगळ्यांना एकाच उंचीवर हवी, नाहीतर खालच्या क्रमाच्या तलंगा जमिनीवर गारठतात.

काठी गोल आणि बारीक नको. साधारण ९ सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी सपाट बाजू वर करून बसवा, कडा घासून घ्या. त्यावर बसलेली कोंबडी खाली दबते आणि तिची छातीची पिसे बोटांवर येतात. लोखंडी नळी थंडीत बोटांतली ऊब ओढून घेते, ती टाळा.

गादी कशाची आणि किती जाड?

कोरडा लाकडी भुसा किंवा बारीक कापलेला पेंढा, सुरुवातीला १० ते १५ सेंटिमीटर. थंडीभर काढून टाकायची गरज नाही. वरून नवा थर घालत राहा, आठवड्याला एकदोनदा खालीवर करा, मूठभर दाणे त्यात फेकले तर कोंबड्याच ते काम करतात. तळाशी ती कुजत जाते आणि थोडी ऊब देते. मुठीत दाबून पाहा: गोळा होऊन तसाच राहिला तर ओली झाली आहे, कोरडा भुसा मिसळा. पाण्याच्या भांड्याखालचा भाग तेवढा काढूनच टाका.

तुऱ्याचे टोक पांढरे किंवा काळे पडले. काय करू?

आधी पांढुरके, राखाडी, मग काळे: ही हिमबाधा. चोळू नका आणि शेकू नका. कोंबडी कोरड्या जागी, कडक गारठ्यापासून दूर ठेवा आणि खुराड्यातला दमटपणा शोधा. काळे टोक कापू नका, ते खालच्या जिवंत भागाला झाकते आणि काही आठवड्यांत आपोआप गळते. सूज, पू किंवा दुर्गंधी दिसली तर पशुवैद्यांना दाखवा.

मोठ्या उभ्या तुऱ्याचे नर यात सर्वांत आधी सापडतात, लेगहॉर्नसारख्या जातींत तर हमखास. त्यांची लोंबती कातडी पाणी पिताना भिजते आणि मग गोठते, म्हणून उघड्या पसरट भांड्याऐवजी अरुंद काठाचे किंवा निपलचे भांडे द्या. कडक थंडीच्या ठिकाणी पुढची पिल्ले निवडताना बुटक्या तुऱ्याची जात पाहा.

पाणी गोठते तेव्हा?

दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी बदला किंवा भांड्याखाली त्यासाठीच बनवलेली तापती बैठक ठेवा. पाणी नसेल तर कोंबडी दाणाही खात नाही, आणि दाणा कमी म्हणजे ऊब कमी. रात्री भांडे खुराड्याबाहेर काढले तरी चालते. झोपेत त्या पीत नाहीत आणि आतला ओलावा तेवढाच घटतो. निजायच्या आधी मूठ-मूठ धान्य द्या, गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली असली की रात्र सोपी जाते.

अंडी बंद झाली. थंडीमुळे?

थंडीपेक्षा उजेडामुळे. अंड्यांसाठी रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. तो डोळ्यांतून तर कळतोच, शिवाय कवटीतून आत जाऊन मेंदूलाही कळतो. दिवस लहान झाले की दीड वर्षाच्या कोंबड्या पिसे टाकतात आणि अंडी थांबवतात. पहिल्या वर्षाच्या तलंगा बहुधा थंडीभर थोडीफार देत राहतात. दिवा वाढवायचाच तर पहाटे वाढवा. संध्याकाळी अचानक विझला तर कोंबड्यांना काठी सापडत नाही. चार महिन्यांच्या आतल्या तलंगांना उजेड वाढवू नका, शरीर भरण्याआधी अंडी सुरू झाली तर गुदद्वार बाहेर येण्याचा धोका असतो. मी स्वतः उजेड वाढवत नाही. पिसे गळण्याच्या काळात त्यांना विश्रांती आणि प्रथिनेयुक्त खाद्य मिळावे असे मला वाटते.

थंडीच्या तोंडावरच पिल्ले निघाली. ती या थंडीत मोठ्यांबरोबर राहतील का?

सहा आठवडे होऊन अंगभर पिसे आल्याशिवाय नाही. त्यानंतरही एकदम सोडू नका. दोन आठवडे जाळीआड, मोठ्यांच्या नजरेसमोर ठेवा, मग काठीवर अंधार पडल्यावर नेऊन बसवा. खाद्याची आणि पाण्याची दुसरी जागा करा, नाहीतर मोठ्या त्यांना उपाशी ठेवतात, आणि उपाशी पिल्लू थंडी काढू शकत नाही. पिल्लांनी शिरावे आणि मोठ्यांना शिरता येऊ नये एवढे भोक असलेला एक आडोसा आत बांधा.

नर कोणते हे अजून नक्की नसेल, तरी जागेचा हिशेब निम्मे नर धरूनच करा. उशिराच्या पिल्लांच्या तलंगा घटत्या उजेडात उशिरा अंड्यावर येतात, म्हणून फिकट तुरा पाहून अस्वस्थ होऊ नका. बारा आठवडे झाले की एका कोरड्या सकाळी एकेकाला उचला, पाठीची पिसे पाहा आणि त्याच वेळी छातीचे हाड चाचपा. ते धारेसारखे हाताला लागले, म्हणजे अंगावर मांस कमी असले, तर नर असो वा मादी, त्या पिल्लाला वेगळे काढून दोन आठवडे एकट्याने पोटभर खाऊ घाला.